गोल चेहऱ्याची सुगी

बाजरी निघाली की ते डोळ्यांच्या आधी माझ्या नाकाला कळतं. दसरा अजून लांब असतो, रस्त्याच्या कडेला कुणीतरी कणसं वाळत घातलेली असतात, त्यांच्यावरून एखादा टेम्पो जातो आणि नाकाच्या शेंड्याला बारीक चुणचुण सुरू होते. मग घसा खवखवतो. मग छातीवर कुणी तळहात टेकवून ठेवावा तसं होतं. मी खिडकी लावून घेते, फळीवरच्या हिरव्या खणाच्या पिशवीतून दम्याचा पंप काढून ओढते आणि थोडा वेळ गप्प बसून राहते. आता एवढ्यावर भागतं. आणि आता राजुरीच्या शिवारात बाजरी उरलीये तरी कुठं! ऊस आहे, कांदा आहे, टोमॅटो आहे. भाकरीपुरती बाजरी कुणी एखाद्या तुकड्यात करतं आणि मशीन लावून तासाभरात मोकळं होतं. पण माझी छाती जुन्या माणसांसारखी आहे, तिला झालेलं सगळं लक्षात राहतं.

परवा शेजारच्या मळ्यात मळणी चालू झाली. खिडकी लावायला गेले तर काचेत माझं तोंड दिसलं. चाळिशीच्या बाईचं असतं तसं, गालफडं बसलेलं, हनुवटी पुढं आलेली. काय वाटलं कुणास ठाऊक, मी गाल फुगवून बघितले. घरात होतं कोण बघायला? हे रानात गेलेले. आणि त्या काचेत क्षणभर ती दिसली. लग्नाला तीन वर्षं झालेली, गोल गरगरीत तोंडाची, डोळे बारीक झालेली मी. तिला बघितलं की मला हसूही येतं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवावा असंही वाटतं. त्या सुगीत तो कुणी फिरवला नव्हता. म्हणजे फिरवला होता, पण तो तिच्यासाठी नव्हता.

माझं माहेर लोणीचं, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेचं. तेव्हा तिकडं पाण्याचे हालच होते, त्यामुळं धूळ मी लहानपणापासून पोटभर खाल्लेली. पण धाप काय असते ते राजुरीला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. सासरी पहिल्या सुगीला नुसता खोकला झाला. दुसऱ्या सुगीला खोकल्याबरोबर छातीत शिट्टी वाजायला लागली. तिसऱ्या सुगीला ट्रॅक्टरवरचं मळणी मशीन खळ्यावर आलं आणि त्याच्या भुसकट फेकणाऱ्या तोंडाशी मला उभं केलं, कारण घरात तरणी मीच. पदर नाकाला गच्च बांधला होता. पण बाजरीची ती बारीक, खाजरी धूळ पदराला कुठली ऐकते! संध्याकाळी मी खळ्याच्या कडेला बसले ती उठलेच नाही. श्वास आत जायचा, पण बाहेर यायला त्याला वाट सापडायची नाही. बाजूला बायका पोत्यांची तोंडं शिवत होत्या, कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. मला वाटलं, एवढी माणसं आहेत आणि मी इथं कोरड्या जागेवर बुडतेय.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. बाई हाडाच्या कष्टाळू. आजारपण हा त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग होता. सुगी आली की आमच्या सूनबाईला खोकला येतो, असं त्या चारचौघींत म्हणायच्या आणि बायका हसायच्या. मीही हसायचे, आणि हसलं की शिट्टी जास्तच वाजायची. पण त्या संध्याकाळी त्यांनी माझे निळे पडलेले ओठ बघितले आणि मुकाट्यानं मामंजींना हाक मारली. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, रात्र कशीबशी निघाली. आमचे हे तेव्हा भोसरीला कंपनीत होते. बुधवारी रात्री यायचे, गुरुवारची सुट्टी काढून संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. आठवड्यातून एका दिवसाचा आमचा संसार. तर त्या गुरुवारी यांनी मला मोटारसायकलवर बसवून नारायणगावला मोठ्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी छाती तपासली आणि गोळ्या लिहून दिल्या. या स्टेरॉईडच्या गोळ्या आहेत, जेवूनच घ्यायच्या, उपाशी पोटी घेतल्या तर पोटात आग पडेल. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत, मी सांगेन तशा हळूहळू कमी करायच्या. भूक वाढेल, तोंडावर सूज येईल, झोप उडेल, घाबरायचं नाही, गोळ्या संपल्या की सगळं जातं. हे सगळं त्यांनी यांच्याकडं बघून सांगितलं. छाती माझी होती, पण सांगायचं ते नवऱ्याला, अशी तेव्हाची रीत. हे माना डोलावत राहिले. आणि त्या सगळ्या सूचना संध्याकाळी यांच्याबरोबर एसटीत बसून भोसरीला गेल्या. घरात मी एवढंच सांगितलं की दम्याच्या गोळ्या आहेत, जेवून घ्यायच्यात. कुणी त्यापुढं काही विचारलं नाही.

पांढऱ्या, शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान गोळ्या. जिभेवर ठेवली की अशी कडू, की पाणी पिऊनही कडूपणा टाळूला चिकटून राहायचा. पण काय सांगू, दोन दिवसांत माझा श्वास परत आला! सकाळी उठून विहिरीपर्यंत गेले आणि मधे थांबावं लागलं नाही, तेव्हा माझं मलाच खरं वाटेना. येडगावच्या धरणाचं पाणी कालव्याला सुटलं होतं. कालव्याच्या कडेला उभी राहून मी नुसती श्वास घेत होते. ओल्या मातीचा, शेवंतीचा, कुणाच्या तरी चुलीचा, सगळा वास छातीच्या तळापर्यंत जात होता. एवढा आनंद झाला की वाटलं, कुणालातरी सांगावं. पण सांगणार काय? मला आज श्वास घेता येतोय? ज्याला तो फुकट मिळतो त्याला त्यात बातमी काय वाटणार. मी हंडा भरला आणि घरी आले.

मग भूक आली. आधी मला वाटलं, आजारातून उठलं की लागतेच. पण ही तसली भूक नव्हती. दुपारी दोन भाकरी खाऊन उठले की चार वाजता पोटात परत खड्डा. नुसता खड्डा नाही, हातपाय थरथरायचे. सुनेनं चार वाजता ताट घेऊन बसायचं असतं का? घरात सगळे रानात, आत्याबाई गोठ्यात. मी स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून, उभ्यानं, शिळी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायचे. घास गिळायची घाई आणि कान दाराकडं. चोरी करत नव्हते, माझ्याच घरातली भाकरी होती, तरी चोरासारखी खायचे. त्या भुकेची मला जेवढी लाज वाटली तेवढी दुसऱ्या कशाची वाटली नाही.

झोप पहाटेच्या आधीच उडून जायची. मी छताकडं बघत कोंबडा आरवायची वाट बघत पडायचे. कशावरूनही रडू यायचं. एकदा पिठाच्या डब्याचं झाकण लागेना म्हणून मी हमसून हमसून रडले. मग तेच झाकण असं आपटलं की मांजर पळून गेलं. दंडाला नुसता धक्का लागला तरी काळंनिळं व्हायचं. वरच्या ओठावर लव दाट झाली. गाल तर रोज वाढत होते. आमच्याकडं एक वीतभर आरसा होता, दाराशेजारी खिळ्याला. त्यात आधी कपाळापासून हनुवटीपर्यंत मी मावायचे, आता गाल दोन्ही बाजूंनी चौकटीच्या बाहेर जायला लागले. कासारीण आली तेव्हा हातातल्या बांगड्या उतरेनात, फोडाव्या लागल्या. ती म्हणाली, सासर मानवलं गं बाई तुला. बायका हसल्या. आत्याबाईही हसल्या, आणि त्यांच्या हसण्यात मी पहिल्यांदाच माया बघितली.

तिथून सगळं बदललं.

एके दिवशी चार वाजता आत्याबाईंनी मला पकडलं. मी भिंतीकडं तोंड करून उभी, तोंडात घास. पाठीमागं पाऊल वाजलं आणि मी गोठले. आता बोलणार, असं वाटलं. त्यांनी माझ्या हातातली भाकरी काढून घेतली, ताटात ठेवली, पाट मांडला आणि बसून खा म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला माझ्यापुढं दुधाचा पेला येऊ लागला. साय धरलेलं दूध, वर तुपाचा थेंब. ज्यांच्या घरी दुभतं आहे त्यांनाच याचा अर्थ कळेल. आमच्याकडं दूध डेअरीला जायचं. दोन्ही वेळचं. घरात राहायचं ते चहापुरतं, तेही मोजून. सुनेनं पेलाभर दूध पिणं ही आमच्या घरात कधी न घडलेली गोष्ट होती.

मग हंडा उचलू नको झालं. खळ्यावर जाऊ नको झालं. मशीनच्या धुळीपासून लांब राहा, उन्हात बसू नको, वाकून झाडू नको. रात्री माझ्या पानात भाकरीवर दुसऱ्यांदा तूप पडायचं. संध्याकाळी त्या माझ्याजवळ बसायच्या, नुसता पाठीवर हात ठेवायच्या. त्या हाताला शेणाचा आणि कांद्याचा वास यायचा. मला वाटलं, आत्याबाईंना शेवटी कळलं. धाप म्हणजे काय, भूक म्हणजे काय, हे या बाईला कळलं. लोणीच्या घरातून निघाल्यापासून कुणी मला असं जपलं नव्हतं. मी रोज चार वाजायची वाट बघायला लागले, आणि ती आता दुधासाठी नव्हती.

त्या दिवसांत माझी पाळी चुकली. एक महिना, मग दुसरा. मी मनातल्या मनात किती चढले आणि किती उतरले ते देवाला ठाऊक. डॉक्टरकडं परत जायचं होतं तेव्हा हे आले नव्हते, कंपनीत जादा काम होतं. मी एकटी जीपनं नारायणगावला गेले. खाली मान घालून डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तपासणी करायला लावली. तसं काही नाही, आजारानं आणि गोळ्यांनी पाळी पुढंमागं होते कधीकधी, येईल. या वेळी ते माझ्याकडं बघून बोलले. म्हणाले, गोळी आता अर्ध्यावर आणू. मी बरं म्हणाले. जीप भरेपर्यंत स्टँडवर बसून होते. शेजारी एक बाई टोमॅटोचा क्रेट मांडीशी धरून डुलक्या घेत होती. मला रडू आलं नाही, बाकी कशावरूनही यायचं आणि त्या दिवशी आलं नाही. घरी आले तर पेला झाकून ठेवलेला होता. दूध अजून कोमट होतं. मी प्यायले आणि वाटलं, असू दे, हे तर आपलं आहे.

आज कुणी म्हणेल, तुला कळलं कसं नाही गं? दिसतं तसं नसतं हे तुला सांगायला पाहिजे होतं का? खरंय. पण मायेला भुकेलं माणूस ती कुणाच्या वाट्याची आहे हे तपासत बसत नाही. पुढं आली की घेतं.

दिवाळीला लोणीला गेले तर आईनं दारातच माझे गाल दोन्ही हातांत धरले. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, लेक सुखात आहे म्हणून आले. दोन दिवस तिनं मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. परत निघताना पिशवीत लिंबाचं लोणचं घातलं, मी मागितलं नव्हतं तरी.

दिवाळी सरली, कांद्याची लागवड तोंडावर आली. एका दुपारी आत्याबाईंनी मला देवापुढं बोलावलं. दिवा लावलेला होता. मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि पदराखालून एक हिरवा खण काढून माझ्या ओटीत ठेवला, वर नारळ.

हिरवा खण म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडं त्याला चोरचोळी म्हणतात. सुनेला तिसरा महिना लागला की सासू गुपचूप देते. तोवर कुणी तोंडातून शब्द काढायचा नसतो, दृष्ट लागते. सासू विचारत नाही, सून सांगत नाही, आणि तरी सगळ्या घराला सगळं माहीत असतं. आमच्याही घराला माहीत होतं. गोल तोंड, खादाड भूक, रडणं, बाजूला न बसणं, आंबट लोणचं. फक्त ते खरं नव्हतं. आणि विचारायची रीतच नसल्यामुळं ते खोटं आहे हे कुणाला कळायला वाटच नव्हती.

मी त्या खणाकडं बघत राहिले. दुधाचे सगळे पेले एका ओळीत माझ्या डोळ्यांपुढून गेले. पाठीवरचा हात गेला. दुसऱ्यांदा वाढलेलं तूप गेलं. गप्प राहता आलं असतं का? दोन-चार आठवडे राहता आलं असतं. पण त्या बाईचे थरथरणारे हात माझ्या समोर होते.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तसं काई न्हाई. डॉक्टरनं तपासलंय. ही गोळ्यांची सूज हाय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्या गालांवरून फिरली, पोटावरून फिरली, जणू आजच पहिल्यांदा मला बघत होत्या.

"मग दूध कशाला पीत व्हतीस?"

"तुमी दिलंत म्हणून."

मी खण आणि नारळ उचलून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मान हलवली. ओटीत घातलेलं माघारी घेत नसतात, एवढं म्हणाल्या, आणि उठून गोठ्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दूध आलं नाही.

त्या मला टाकून बोलल्या नाहीत, हे सांगायला पाहिजे. घालूनपाडून नाही, टोमणा नाही. सुनेचं नशीब तसलं असतं तर सासवा काय काय बोलतात ते मी आजूबाजूला ऐकलेलं आहे. आत्याबाई फक्त पूर्वीसारख्या झाल्या. सकाळी माझ्या हातात खुरपं दिलं आणि आम्ही दोघी कांद्याच्या रोपांना बसलो. थंडीच्या चिखलात बोटं आखडत होती. माझी भूक तशीच होती, गोळ्या अजून संपल्या नव्हत्या. मी परत भिंतीकडं तोंड करून भाकरी खाऊ लागले. आता त्या भाकरीला काही चवच लागायची नाही. आधी मी एकटी होते ते मला माहीत नव्हतं. आता चांगलं माहीत झालं.

गुरुवारी यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांचं सगळं ऐकून आलेला माणूस तोच ना! हे बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसले. मग म्हणाले, आईला लई आशा व्हती गं. मी म्हणाले, हो. त्यांचंही खोटं नव्हतं. पण मला वाटत होतं, दुसरं एक वाक्य येईल. संध्याकाळची एसटी आली आणि हे गेले.

शिमग्यापर्यंत गोळ्या बंद झाल्या. गाल उतरले, बांगड्या सैल झाल्या, आरशात मी परत मावायला लागले. आणि तेव्हा एक भलतीच गोष्ट झाली. बायका माझं सांत्वन करायला लागल्या. शेजारच्या मळ्यातल्या चुलतसासूबाई कांदा खुरपताना सरकत सरकत माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, पहिल्या खेपेला व्हतं असं कवाकवा, मनाला लावून घेऊ नगं. मी म्हणाले, काकी, तसं काही झालंच नव्हतं. त्या म्हणाल्या, बरं, न्हाई तर न्हाई, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जी गोष्ट कुणी मोठ्यानं बोललंच नव्हतं ती खोटी आहे हे मोठ्यानं सांगायचं कसं? जे नव्हतंच ते गेलं म्हणून सारा मळा हळहळत होता. आणि मी, सगळं माहीत असलेली मी, त्या काकीच्या खांद्यावर डोकं टेकून बांधावर बसून रडले. कशासाठी ते मला विचारू नका. जीपच्या स्टँडवर न आलेलं रडू असेल.

आत्याबाईंनी बायकांना खरं सांगितलं नाही. कधीच नाही. एकदा दिवस राहून गेलेली सून आणि कधीच दिवस न राहिलेली सून, यांत गावाच्या नजरेला फार फरक असतो. ते त्यांनी माझ्यासाठी झाकून ठेवलं की घराच्या अब्रूसाठी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी विचारलं नाही. त्या घरात विचारायची सवयच कुणाला नव्हती.

पुढं आम्हाला मूल झालं नाही. गोळ्यांनीच घात केला असं अजूनही काही जणी म्हणतात. डॉक्टर म्हणाले, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. मी दोघांचंही ऐकून घेते. त्यानंतरच्या सुगीत धाप लागली की तेवढ्यापुरत्या गोळ्या घ्यायच्या, मग पुढं पंप आला. पंप तोंडाला लावताना आधी मला लाज वाटायची. एसटीत लोक बघायचे. पण गाल फुगत नाहीत हे केवढं सुख. यांची कंपनी बंद पडली, हे कायमचे मळ्यात आले. मामंजी गेले. मळ्यात आम्ही तिघंच उरलो. उसात बिबटे वाढले तशी दिवस मावळायच्या आत सगळी दारं लागायला लागली, आणि संध्याकाळी घर फार लवकर गप्प व्हायला लागलं.

मग आत्याबाईंची छाती वाजायला लागली. जन्मभर चुलीपुढं बसलेली बाई. धुरानं आतून काळी झालेली भिंत जशी असते तशी छाती झाली असणार. सुरुवातीला त्या मानायलाच तयार नव्हत्या. एका थंडीत त्यांना गोठ्यातून घरात येता येईना, तेव्हा हे त्यांना घेऊन नारायणगावला गेले. मी पण गेले. डॉक्टर नवीन होते. त्यांनी चिठ्ठी लिहिली, गोळ्या हातात आल्या आणि मी पाकीट न वाचता ओळखल्या. तशाच पांढऱ्या, तशाच लहान.

या वेळी मी मागं राहिले नाही. पुढं होऊन सगळं विचारून घेतलं आणि घरी येऊन आत्याबाईंना समोर बसवून सांगितलं. भूक लागेल. तोंड सुजेल. झोप उडेल. मनानं बंद करायच्या नाहीत. मला काय व्हतंय, असं म्हणून त्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि कडू म्हणून तोंड वाकडं केलं.

महिन्याभरात त्यांचं सुरकुतलेलं तोंड गोल झालं. आलेगेले म्हणायचे, म्हातारी लई सुधारली, सून नीट बघती. बघा, एका गोळीनं मला एकदा गर्भार केलं आणि एकदा गुणी सून केलं! आत्याबाई मात्र लोकांत जाईनाशा झाल्या. भाच्याच्या लग्नात फोटोच्या वेळी त्यांनी पदर गालांवरून पुढं ओढून घेतला. दाराशेजारचा तो जुना आरसा एके दिवशी भिंतीकडं तोंड करून टांगलेला दिसला. मी तो सरळ केला नाही. बोलले पण नाही. सांगायचं ते आधीच सांगून झालं होतं, आणि आतलं काही काढून दाखवायची मला भीती वाटत होती, खरं सांगते.

त्या पुढं दोन वर्षं होत्या. आता त्यांची खाट मागच्या खोलीत उभी करून ठेवलीये. पण बाजरीची चुणचुण नाकाला लागली की मला त्यांची एकच दुपार आठवते.

मी रानातून लवकर आले होते. चार वाजले असतील. स्वयंपाकघराच्या दारात आले तर आत्याबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. हातात शिळी भाकरी, वर ठेचा. घाईघाईनं घास गिळत होत्या आणि खांदे वर चढवलेले. माझं पाऊल वाजलं आणि त्या गोठल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाकरीसाठी. ती पाठ मला ओळखीची होती. मी कितीदा तरी त्या पाठीच्या आत उभी राहिलेली होते.

मी आत गेले नाही. त्याही वळल्या नाहीत. मग भिंतीकडंच बघत त्यांनी विचारलं,

"तुला बी अशीच लागायची का गं?"

"लई लागायची, आत्याबाई."

त्या हळूहळू खाली बसल्या. मी समोर बसले. मग त्या एकेक विचारत गेल्या. झोप उडायची का? उडायची. रडू यायचं का उगीच? यायचं. हात थरथरायचे का? थरथरायचे. तोंडाची लाज वाटायची का? मी मान हलवली. दहा वर्षं या बाईबरोबर एका चुलीवर जेवले, एका वाफ्यात कांदा लावला, आणि हे सगळं ती आज विचारत होती. मी रडले नाही. मला फक्त वाटत होतं, त्यांनी थांबू नये, विचारत राहावं.

प्रश्न संपले. त्या भिंतीला धरून उठल्या, फळीवरचं पातेलं काढलं, त्यात संध्याकाळच्या चहापुरतं राखलेलं दूध होतं. सगळं पेल्यात ओतलं. थोडं ओट्यावर सांडलं. मला वाटलं, गोळीवर घेतायत. त्यांनी तो पेला माझ्यापुढं सरकवला.

"आता मला कशाला, आत्याबाई? मी बरी हाय आता."

"घे," त्या म्हणाल्या. "तवाचं ऱ्हायलंय तुझं."

मी ते सगळं प्यायले. त्या संध्याकाळी आमच्या घरात कोरा चहा झाला.